पोटाच्या घेराचा इतिहास

"आमच्या घराण्यातच साखर आहे" हे वाक्य कधी कानावर पडले नाही असे मराठी घर आता शोधून काढावे लागेल. बोलणारा बहुधा एक सुस्कारा सोडतो आणि मग पुढचा पेढा उचलतो. नशिबातच आहे तर पथ्य कशाला, असा त्यातला हिशेब!

याच्या उलट दुसरे वाक्य म्हणजे, "खा खा खायचे आणि बसून राहायचे, मग होणार नाही तर काय?" हे वाक्य मात्र नेहमी दुसऱ्याबद्दल बोलायचे असते. पहिल्या वाक्यात सगळा दोष नशिबाला, दुसऱ्यात सगळा दोष माणसाला. मी पेशाने मास्तरीण, आयुष्यभर शिकवला तो इतिहास आणि मराठी. डॉक्टरकी हा माझा प्रांत नाही. पण या दुखण्याला स्वतःचा असा एक इतिहास आहे, आणि तो वाचला की ही दोन्ही वाक्ये अर्धवट वाटू लागतात. तोच आज सांगणार आहे. सनावळ्या येतील, त्याला इलाज नाही.

आधी आपण कशाबद्दल बोलतो आहोत ते. आपल्या मंडळींचे रिपोर्ट पाहिले की चार-पाच गोष्टी जोडीजोडीने हिंडताना दिसतात. पोट थोडे सुटलेले, रक्तदाब थोडा वर, उपाशीपोटी साखर थोडी वर, ट्रायग्लिसराइड्स नावाची रक्तातली चरबी जास्त आणि एचडीएल नावाचे 'चांगले' कोलेस्टेरॉल कमी. प्रत्येक आकडा नुसता 'बॉर्डरवर', म्हणून कोणी मनावर घेत नाही. या पाचांपैकी कोणतेही तीन एकत्र आले की डॉक्टर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. मेटाबॉलिझम म्हणजे चयापचय, आणि सिंड्रोम म्हणजे एकत्र दिसणाऱ्या लक्षणांचा समूह. जगातल्या मोठ्या वैद्यकीय संघटनांनी २००९ मध्ये एकत्र बसून त्याची मापे ठरवली. रक्तदाब १३०/८५ किंवा वर (दोन्हीपैकी एक आकडा वर असला तरी धरायचा), उपाशीपोटी साखर १०० किंवा वर, ट्रायग्लिसराइड्स १५० किंवा वर, एचडीएल पुरुषांत ४० च्या व स्त्रियांत ५० च्या खाली. आणि कंबरेचा घेर, आपल्या लोकांसाठी पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर किंवा जास्त. असे तीन आकडे जमले की पुढे मधुमेह होण्याची शक्यता सुमारे पाचपट होते आणि पुढच्या पाच-दहा वर्षांत हृदयविकाराची सुमारे दुप्पट. म्हणजे पाच किरकोळ भाडेकरू वाटतात खरे, पण आतून ते एकाच टोळीतले आहेत.

मघाचे 'आपल्या लोकांसाठी' हे शब्द मात्र लक्षात ठेवा. गोष्टीचा उत्तरार्ध त्यांच्यावरच उभा आहे.

ही टोळी ओळखायला माणसाला बराच काळ लागला. तसे आपल्याकडे चरकसंहितेतच प्रमेहाचे रोगी दोन प्रकारचे सांगितले आहेत, एक स्थूल आणि बलवान, दुसरा कृश आणि दुर्बल. आणि दोघांचे उपचार वेगळे. आरामात बसणे, भरपूर झोपणे, दही, नवे धान्य, गुळाचे पदार्थ ही प्रमेहाची कारणेही तिथे दिलेली आहेत. पण रक्तदाब, साखर आणि चरबी यांचे नाते कळायला ती मोजता यावी लागतात, आणि ती सोय विसाव्या शतकातली.

१९२१ साली टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचले. मरणाच्या दारातली मुले परत येऊ लागली. साहजिकच सगळ्या जगाची समजूत झाली की मधुमेह म्हणजे इन्सुलिनची कमतरता, ते दिले की झाले. १९२३ मध्ये एस्किल किलिन या स्वीडिश डॉक्टरने उच्च रक्तदाब, वाढलेली साखर आणि वाढलेले युरिक अॅसिड एकाच रोग्यात वारंवार भेटतात असे लिहून ठेवले.

पुढे १९३६ मध्ये लंडनच्या हॅरोल्ड हिम्सवर्थ यांनी दाखवून दिले की मधुमेही दोन जातींचे असतात. काहींना इन्सुलिन टोचले की साखर झटकन आवरते, आणि काहींचे शरीर त्या इन्सुलिनला दादच देत नाही. १९४७ मध्ये मार्सेय शहरातल्या जाँ व्हाग या फ्रेंच डॉक्टरने आणखी एक साधी पण मोठी गोष्ट सांगितली. चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे आहे हे महत्त्वाचे. कंबरेखाली, मांड्यांवर साठलेली चरबी तेवढी त्रास देत नाही. पोटावर आणि धडावर साठलेली मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे विकार घेऊन येते. शिंप्याची टेप वैद्यकात आली तिची ही पूर्वपीठिका.

खरा पुरावा मिळाला तो न्यूयॉर्कच्या रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांच्याकडून. रक्तातले इन्सुलिन अचूक मोजण्याची पद्धत त्यांनी १९६० च्या सुमारास बसवली. (बर्सन १९७२ मध्ये गेले, नोबेल यॅलोबाईंना १९७७ मध्ये मिळाले.) मोजून पाहतात तो काय, मोठेपणी मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन कमी नव्हतेच, उलट जास्त होते!

हे कोडे मला वर्गाच्या उदाहरणाने समजले. मुले ऐकेनाशी झाली की बाई आवाज चढवतात. मुले आणखी दुर्लक्ष करतात, बाई आणखी ओरडतात. स्वादुपिंड म्हणजे ही बाई, इन्सुलिन तिचा आवाज, आणि न ऐकणारी मुले म्हणजे आपल्या स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशी. पण त्या ओरडण्याचा त्रास शेजारच्या वर्गांना होतोच. मूत्रपिंडे ती हाक ऐकतात आणि मीठ धरून ठेवतात, त्याने रक्तदाब वाढायला मदत होते. यकृत जास्तीची चरबी बनवून रक्तात सोडते आणि काही स्वतःतही साठवते. हल्ली सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' लिहून येते ते हेच. अशी पुष्कळ वर्षे गेली की बाईंचा घसा बसतो. त्या दिवशी साखर वाढलेली दिसते, आणि आपण म्हणतो, "अचानक शुगर निघाली". अचानक काही नसते, वर्गातला गोंधळ दहा-पंधरा वर्षांचा असतो.

हे सगळे धागे एकत्र ओवले स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेराल्ड रीव्हन यांनी. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या मधुमेहतज्ज्ञांपुढे दिलेल्या बँटिंग व्याख्यानात त्यांनी सांगितले की पेशींनी इन्सुलिनला दाद न देणे हेच या सगळ्याचे मूळ आहे. त्याला त्यांनी नाव दिले 'सिंड्रोम एक्स', म्हणजे आपल्या बीजगणितातला 'क्ष'. पुढे १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, २००१ मध्ये अमेरिकन तज्ज्ञांनी आणि २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने आपापल्या व्याख्या केल्या, आणि व्याख्या आल्या की भांडणे आलीच. २००५ मध्ये अमेरिकेच्या आणि युरोपच्या मधुमेह संघटनांनी मिळून विचारले की हे लेबल लावून रोग्याचा नेमका फायदा काय? गंमत म्हणजे खुद्द रीव्हन यांनाही तसेच वाटत होते. नाव कशाला, एक दोष दिसला की बाकीचे शोधा आणि प्रत्येकावर उपचार करा, एवढेच त्यांचे म्हणणे. मला ते पटते.

रीव्हन यांच्या मूळ यादीत लठ्ठपणा नव्हता, कारण दिसायला सडपातळ माणसाचे शरीरही इन्सुलिनला बहिरे असू शकते हे त्यांना माहीत होते. आणि इथेच आपण येतो. १९९१ मध्ये पॉल मॅकीग व त्यांच्या सहकाऱ्यांनी, थांबा, नाव पुरते सांगायचे तर मॅकीग, शाह आणि मार्मट या तिघांनी, लंडनमधल्या भारतीय उपखंडातून आलेल्या लोकांची गोऱ्यांशी तुलना केली. उंचीच्या मानाने वजन जवळजवळ सारखेच. पण आपल्या लोकांच्या पोटावर चरबी जास्त, रक्तात इन्सुलिन जास्त आणि मधुमेह तर कितीतरी जास्त. आपल्यासाठी कंबरेचे माप वेगळे, कडक ठेवले गेले ते अशा अभ्यासांमुळे.

असे का? पहिले उत्तर १९६२ मध्ये जेम्स नील यांनी दिले होते. ज्या पूर्वजांनी वारंवार उपासमार सोसली त्यांच्यातले काटकसरी शरीराचे लोक टिकले. मिळेल तेव्हा साठवून ठेवणारी जनुके त्यांनी मागे ठेवली, आणि आता रोजच सण असल्यामुळे तीच जनुके अंगाशी आली. १८७६-७८ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ ज्याने शिकवले आणि १९७२ चा स्वतः पाहिला, त्या दख्खनच्या माणसाला हे पटकन पटते. पण एक अडचण आहे. जनुके दोन पिढ्यांत बदलत नाहीत, आणि मधुमेह तर दोन पिढ्यांतच एवढा फोफावला.

दुसरे उत्तर एका जुन्या रजिस्टरात सापडले, आणि शाळेची जनरल रजिस्टरे भरण्यात हयात घालवलेल्या मला तोच भाग सगळ्यात आवडतो. इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या बाई सुइणी आणि आरोग्यसेविकांवर देखरेख करीत. त्यांनी शिस्त लावली की प्रत्येक बाळाचे जन्मतः वजन करायचे, वर्षभर घरी भेटी द्यायच्या, बाळ अंगावर पिते की बाटलीने ते लिहायचे आणि पहिल्या वाढदिवसाला पुन्हा वजन करायचे. सेविका घरोघर गेल्या आणि नोंदी वह्यांमध्ये उतरल्या. १९४८ पर्यंत हे चालले. पुढे काय उपयोग होणार, याची त्यांच्यापैकी कोणालाही कल्पना नव्हती.

१९८० च्या दशकात डेव्हिड बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाती त्या वह्या लागल्या. तोवर ती बाळे म्हातारी झाली होती, काही वारलीही होती. नावे जुळवून पाहिल्यावर दिसले की बाळपणी ज्यांचे वजन कमी, त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यू जास्त. हयात असलेल्यांना तपासले तर त्यांच्यात बिघडलेली साखर जास्त. आणि १९९३ मध्ये दिसले की जन्मतः वजन कमी असलेल्यांत सिंड्रोम एक्सही कितीतरी पटींनी जास्त. बार्कर आणि निक हेल्स यांनी अर्थ लावला तो असा. पोटातल्या बाळाला अन्न कमी पडले की ते मेंदू वाचवते आणि बाकी अवयवांत काटकसर करते. स्वादुपिंड लहान राहते, स्नायू कमी भरतात. बाहेर दुष्काळच असता तर हे शरीर तगले असते. बाहेर सुबत्ता निघाली की तेच शरीर हिशेबात चुकते. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी केलेल्या कोंडीमुळे उपासमार झाली. त्या वेळी आईच्या पोटात असलेल्यांची साखर पन्नाशीत बिघडलेली आढळली, हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता गोष्ट पुण्यात येते. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथेच जन्मलेल्या मुलांना चौथ्या वर्षी तपासले. जन्मतः वजन कमी असलेल्या मुलांमध्ये ग्लुकोज प्यायल्यावर साखर आणि इन्सुलिन जास्त वाढत होते. चार वर्षांच्या मुलांत! आठव्या वर्षी दिसले की जन्मतः लहान आणि नंतर वजनदार झालेल्या मुलांची स्थिती सर्वांत वाईट. मग १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सुमारे आठशे गरोदर बायकांचा अभ्यास झाला. या आयांचे गरोदरपणाआधी सरासरी वजन ४२ किलोच्या आत. बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळे सगळ्याच मापांत लहान. पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र जवळजवळ राखलेली. कमी पडले होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. म्हणजे काटक दिसणारे ते बाळ आतून मेदयुक्त होते! नाळेतल्या रक्तातही लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा इन्सुलिन जास्त निघाले.

२००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक छायाचित्र छापून आले. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे स्नेही डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. "मी तर बारीक आहे, मला कशी शुगर?" असे विचारणाऱ्या प्रत्येक भाच्या-पुतण्याने हे दोन आकडे पाठ करावेत. वजनकाटा आपल्याशी खरे बोलत नाही, टेप बोलते.

त्या खेड्यांतली आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. बाळाचे वजन आईने एकूण किती खाल्ले यावर फारसे ठरत नव्हते. दूध, फळे आणि हिरव्या पालेभाज्या तिच्या पोटात किती गेल्या यावर ठरत होते. आणि सुमारे दोन-तृतीयांश आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांची मुले सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत जास्त बहिरी होती.

आता आपल्या स्वयंपाकघरात या. डोहाळजेवणाला आपण पाटाभोवती रांगोळी घालतो, पंचपक्वान्ने करतो, फोटो काढतो. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी सगळ्यांना वाढून शेवटी जेवायला बसते. दूध मुलांना आणि चहाला, फळ म्हाताऱ्यांना, भाजीचे पातेले तिच्यापर्यंत येईतो रिकामे. "फार खाऊ नकोस, बाळ मोठे झाले तर बाळंतपण जड जाईल" असे सांगणाऱ्या आज्या मी ऐकल्या आहेत. शतकानुशतके हे चालले आणि कोणी त्याची नोंद केली नाही. नोंद झाली ती तिच्या मुलांच्या शरीरात. पन्नास वर्षांनी मुलाच्या रिपोर्टवर जो आकडा येतो, त्यात त्याच्या आईच्या ताटातली ती रिकामी वाटीही असते. म्हणून म्हणते, घराण्यातून जी 'साखर' येते ती सगळी रक्तातून येत नाही; थोडी घराच्या रीतीतून येते. आणि रीत बदलता येते.

उपासमार आणि अतिपोषण हे दोन वेगळे प्रश्न, एक गरिबांचा, एक श्रीमंतांचा, असे मी शाळेत शिकले. हा इतिहास सांगतो की तो पुष्कळदा एकाच माणसाच्या आयुष्याचा आरंभ आणि शेवट असतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत भारतात मधुमेही सुमारे १० कोटी १० लाख आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे १३ कोटी ६० लाख निघाले. एवढे सगळे लोक केवळ जिभेला लगाम नाही म्हणून इथे पोचले, असे म्हणणे अन्यायाचे आहे.

पण म्हणून पेढा उचलायलाही हे कारण नाही! उंबरठ्यावरच्या लोकांचा एक भारतीय अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत, नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्या शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला. आणि रोज चालणे व आहारात बदल यांचा नेटाने पाठपुरावा केलेल्यांत ३९ जणांना. आईच्या पोटात जे झाले ते आता बदलत नाही, पण शंभरातले सोळा जण चालून वाचतात. ही काही थोडकी गोष्ट नव्हे.

तर मंडळी, मास्तरणीचा गृहपाठ एवढाच. घरातली शिलाईची टेप काढा. उभे राहून, श्वास सोडून, बरगडीचा खालचा काठ आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध पोट मोजा (पोट आत ओढायचे नाही, मी पाहते आहे!). पुरुषांत ९०, बायकांत ८० च्या वर असेल तर बाकीचे चार आकडे तपासून डॉक्टरांना दाखवा. ज्याची साखर निघाली त्याला टोमणे मारू नका. आणि घरात वयात आलेली मुलगी, नवी सून, गरोदर लेक असेल तर दूध, फळ आणि पालेभाजी आधी तिच्या पानात वाढा. मगच बाकीच्यांची पंगत.